पांढरं पाकीट

लाल कागद मिळाला नाही, एवढीच गोष्ट होती. पण एवढ्याशा गोष्टीने थानांच्या घराचं जे झालं ते गुईछिनला पुढे जन्मभर कोणाला सांगता आलं नाही. सांगायचं तरी कोणाला, आणि कुठल्या तोंडाने?

आमच्या मुलखात पत्राच्या पाकिटावर मधोमध उभा लाल पट्टा असतो आणि नाव त्या पट्ट्यावर घालतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पट्टा नसलेलं कोरं पांढरं पाकीट एकाच कामासाठी दारात येतं. ते आलं की आत काय लिहिलंय हे कोणी विचारत नाही. बायका आधी गळा काढतात आणि पाकीट मग सवडीने फोडतात.

गुईछिन काही दुधखुळी नव्हती, तिलाही हे ठाऊक होतं. पण त्या वर्षी सोंगहुआ नदीच्या दोन्ही काठांवर लढाईने नुसता कहर केला होता. जपानी गेले म्हणून लोकांनी सुस्कारा सोडला, तो पुरता सोडून होण्याआधीच आपलेच लोक आपल्यांच्या उरावर बसले. बाजारातलं कागदाचं दुकान बंद पडलं. गावात जो काही लाल कागद उरला होता तो फौजेत जाणाऱ्या पोरांच्या छातीवर लावायची फुलं करण्यात संपला. त्यातलं एक फूल गुईछिनच्या नवऱ्याच्या, युंगछांगच्या छातीवर होतं. दारावर ‘मानाचं घर’ अशी पाटी लागली. पाटीमुळे चूल पेटत नाही, ही गोष्ट वेगळी.

युंगछांगला अक्षरओळख नव्हती. तिकडे पलटणीतला कारकून त्याची पत्रं लिही आणि घरून आलेली वाचून दाखवी. इकडे तेच काम क्वान मास्तर करायचे. शेवटच्या पत्रात युंगछांगने एकच धोशा लावला होता: बाबांचा खोकला कसा आहे ते खरं कळवा, लपवू नका. बाबा म्हणजे थान म्हातारा. जन्मभर खेचरांची गाडी हाकली, आणि खेचरांशी बोलायची भाषाच पुढे माणसांना वापरली. खोकला त्याच्या जुन्या ओळखीचा होता. दर हिवाळ्यात पाहुण्यासारखा यायचा आणि बर्फ वितळलं की निघून जायचा.

पहिलं बर्फ पडलं त्या सुमाराला म्हाताऱ्याने उत्तर सांगितलं आणि मास्तरांनी ते उतरवलं. खोकला ठीक आहे. माझी काळजी सोड आणि तुझं नाक पूस. घरी सगळे खुशाल. सून दोन वेळा जेवायला घालते, चव नसते, पण घालते.

पत्र झालं आणि पाकीट नाही. फौजेची टपाल नेणारी बर्फगाडी वेशीवर निघायच्या बेतात उभी. गुईछिनने खिडकीला चिकटवायचा कागद घेतला, कात्रीने कापला आणि खळीने कडा चिकटवल्या.

मास्तरांनी लेखणी हवेतच धरली. "हे असं पांढरंफटक? थांब गं दोन-चार दिवस. कुठून तरी लाल चिटोरा मिळेल."

"गाडी परत कधी येते कोण जाणे, मास्तर. ते तिकडे जीव टांगून बसले असतील."

झोपायच्या उबदार ओट्यावरून म्हातारा खेकसला, "द्या हो पाठवून! आत माझाच आवाज आहे ना? मेलेला माणूस पोराला नाक पूस म्हणून सांगतो का कधी?"

मास्तर हसले, गुईछिनही हसली, आणि पाकीट गेलं. म्हातारा त्या दिवसापासून खोकल्याने घरातच पडून राहिला. मास्तर सोडले तर दुसऱ्या कोणी त्याला पाहिलं नाही, कारण त्या थंडीत आपलं दार उघडून दुसऱ्याच्या दारात जायची हौस कोणालाच नव्हती.

बारावा महिना लागला. बर्फ भुरभुरत होतं आणि दुपार कलली होती. गुईछिन चुलीत ज्वारीची धाटं सारत बसली होती, तेव्हा वेशीकडून रडणं ऐकू आलं. बाप गेल्याचं कळून घरी येणारा मुलगा गाव दिसलं की तिथूनच हंबरडा फोडतो. नाही फोडला तर लोक नावं ठेवतात. गुईछिनच्या मनात आलं, कोणाच्या घरचं माणूस गेलं बाई. रडणं जवळ आलं. "बाबा! माझ्यासाठी थांबला का नाहीत, बाबा!" मग ते त्यांच्याच फाटकाशी आलं.

युंगछांग अंगणात गुडघ्यांवर रांगत आला. पिठाच्या पिशवीची पांढरी चिंधी त्याने डोक्याला बांधली होती. गुईछिनच्या हातातली धाटं गळून पडली. तेवढ्यात घराचं दार उघडून म्हातारा बाहेर आला. अंगात कापसाचा कोट, तोंडात चिलीम.

"कोणासाठी भोकाड पसरलंयस रे, गाढवा?"

युंगछांगने वर पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने बापाच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि तो पुन्हा रडायला लागला, या वेळी शब्द नव्हते.

"जिवंत आहे. चाचपून बघ," म्हातारा म्हणाला आणि चिलमीच्या दांडीने त्याने पोराच्या डोक्यावर हलकेच टोला दिला. मग त्याची नजर पोराच्या पायांकडे गेली. एका पायात बूट होता, दुसऱ्याला गोणपाट गुंडाळलेलं. खांद्यावर बंदूक नव्हती. "रजा मिळाली?"

युंगछांगने गोणपाट गुंडाळलेला पाय मागे ओढून घेतला.

"रजा मिळाली का, विचारतोय."

"मागितली होती," युंगछांग म्हणाला. "हवालदार शाओंना पाकीट दाखवलं. त्यांनी टोपी काढली, वाईट वाटलं म्हणाले. पण पलटण दुसऱ्या दिवशी शहराकडे कूच करणार होती. म्हणाले, आत्ता कोणालाच सोडता येत नाही. मग मी... बाबा, मडकं फोडायला मीच एकटा आहे ना तुमचा?"

बापाची शवपेटी घरातून उचलताना मुलाने मडकं फोडायचं असतं. तो मान दुसऱ्या कोणाचा नाही, आणि ज्या बापाचं मडकं मुलाने फोडलं नाही तो बाप रस्ता चुकतो असं आमच्याकडे मानतात. हे एक काम करायला युंगछांग गोठलेल्या पायांनी पळून आला होता.

त्याने कोटाच्या आतून पाकीट काढलं. घामाने मऊ पडलेलं, पण न फोडलेलं. गुईछिनला आपण चिकटवलेल्या कडा ओळखू आल्या.

"वाचून नाही घेतलंत?" तिने विचारलं.

"कारकून इस्पितळात आहे, बोटं गोठली त्याची. आणि असता तरी पांढरं पाकीट कोण वाचून घेतं?"

गुईछिन खाली पडलेली धाटं गोळा करायला लागली. म्हातारा तिला काही बोलला नाही. एरवी मीठ जास्त पडलं तरी तो तिच्या माहेरापर्यंत पोचायचा.

युंगछांगला ओट्यावर झोपवलं. अंग तापाने फणफणलं होतं. गुईछिन त्याचे पाय बर्फाने चोळत होती, दोन बोटं काळी पडली होती. चोळता चोळता ती म्हणाली, "पलटणीतले येतील का शोधत?"

"मागावरच असतील," युंगछांग म्हणाला. "पळालेल्याला आधी त्याच्या घरीच शोधतात. उद्यापर्यंत पोचतील."

"मग खरं ते सांगू या. पत्र आहेच. वाचतील आणि त्यांना कळेल की पाकिटाची चूक झाली."

म्हाताऱ्याने चिलीम तोंडातून काढली. "वाचतील आणि काय कळेल? बाहेर पांढरं, आत सगळे खुशाल. म्हणतील, घरच्यांनी पोराला हुशारीने बोलावून घेतलं. नदीपलीकडच्या त्या बाईने काय केलं होतं? नवरा मेला म्हणून खोटी चिठ्ठी धाडली. पोराला खळ्यात उभा करून गोळी घातली, आणि तिच्या गळ्यात पाटी अडकवून तिला सगळ्या गावापुढे उभी केली. तिची चिठ्ठी तरी खोटी होती. आपलं खरं कोणाला पटणार आहे?"

"मी डोंगरात जातो," युंगछांग म्हणाला.

"कोणाच्या पायांनी?"

गुईछिनच्या डोक्यात एकच घण पडत होता: मी कापलं ते, माझ्या हातांनी. नवऱ्याला गोळी लागणार आणि ती मी घातलेली असणार.

तेवढ्यात फाटकावर थाप पडली. "गुईछिन, अगं ए गुईछिन!" शेजारच्या फान काकूंचा आवाज होता. गावातली कोणतीही बातमी त्यांच्या घरात मुक्काम केल्याशिवाय पुढे जात नसे.

गुईछिनने फाटक किलकिलं केलं. काकू हातात मृतासाठी जाळायच्या कागदांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. डोळे आधीच पुसून लाल केलेले. "युंगछांगचं रडणं ऐकलं गं. म्हातारबा गेले? कधी गं?"

गुईछिनने मागे वळून पाहिलं. घराच्या दाराच्या फटीत म्हातारा उभा होता. त्याने चिलीम चौकटीवर आपटून राख झाडली, तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश मान डोलावली.

"पहिलं बर्फ पडलं तेव्हाच," गुईछिन म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "ते येईपर्यंत मी कोणाला बोलले नाही, काकू. बोलले असते तर सगळ्यांनी पेटी उचलायची घाई केली असती. मडकं कोणी फोडलं असतं?"

"आणि इतके दिवस तू एकटी? त्यांच्याजवळ?" काकूंनी छातीवर हात मारला. मग त्या तिच्या गळ्यात पडून रडल्या. गुईछिनही रडली, भीतीने. रडण्याचं कारण कोणी तपासत नाही हे बरं असतं.

काकू कागद देऊन गेल्या आणि गावभर बातमी झाली. आता मागे फिरायची वाट नव्हती.

"चला," म्हातारा हात चोळत म्हणाला, जणू कुठे गाडी जुंपून जायचं होतं. "पेटी तयार आहे, कपडे तयार आहेत. मी तेवढा मरायचा राहिलोय, ते किरकोळ आहे."

"बाबा, असं बोलू नका."

"तू पड गुमान. उद्या मडकं फोडायला उभं राहता आलं पाहिजे."

पेटी गाडीखान्यात होती. सगळेच म्हातारे वेळेवर पेटी करून ठेवतात. थान म्हाताऱ्याने तीत ज्वारी भरून ठेवली होती, मरेपर्यंत फुकट का ठेवायची म्हणून. गुईछिनने ज्वारी उपसली. शेवटचे कपडे सासूने जिवंतपणी शिवले होते, निळ्या रेशमाचे, थंडीत काडीच्या उपयोगाचे नाहीत असे पातळ. ते अंगावर चढवताना म्हातारा लहान पोरासारखे हात वर करून उभा राहिला. बेत साधा होता. गाडीखान्यात दाराची फळी मांडून तीवर तो पडणार. शिपाई येऊन बघून जातील. जमीन गोठलेली असल्याने कोणाला पुरत नाहीतच, बर्फ वितळेपर्यंत पेटी शेताच्या कोपऱ्यात विटांच्या खोपट्यात ठेवतात. शिपाई गेले की लगेच झाकण काढायचं.

"घरात का नाही ठेवायची फळी?" गुईछिनने विचारलं. "गाडीखाना एका बाजूने उघडा आहे."

"घरात प्रेत असताना ओटा कोण तापवतो? ओटा थंड पडला तर पोरगा आत तापाने खलास होईल."

"आणि तुम्ही खोकलात तर?"

"खोकल्याचं मी बघतो."

नाडी बांधता बांधता ती थांबली. "आणि नंतर, मामंजी? गेलेला माणूस गावात फिरताना दिसला तर?"

"मग फिरायचं नाही."

"लढाई संपेपर्यंत घरात लपून बसणार?"

"बसायला कोण सांगतंय," म्हातारा म्हणाला. "ती डावी नाडी सैल राहिली बघ. तुझी सासू असती तर माझी अशी वरात काढली नसती."

गुईछिनने नाडी नीट बांधली. आणखी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि तिला नवरा जिवंत हवा होता.

संध्याकाळी लोक येऊन गेले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर रीतीप्रमाणे पिवळा कागद टाकला होता. गुईछिन सगळा वेळ त्या कागदाकडे बघत होती. कागद एकदा जरासा थरथरला, तेव्हा तिने कंदील बाजूला सरकवून मोठ्याने गळा काढला. क्वान मास्तर येऊन दारावर लावायच्या शोकाच्या ओळी लिहीत बसले. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि शाई सारखी गोठत होती. जाताना ते फळीशी वाकून पुटपुटले, "थानदादा, पुरे आता. आत जा."

कागदाखालून आवाज आला, "मेलेल्या माणसाला शिकवू नका, मास्तर."

सगळे गेल्यावर गुईछिन त्याला न्यायला आली. तो उठून बसला होता, ओठ निळे पडले होते.

"काकूचा नेम नाही, ती पुन्हा येईल," तो म्हणाला. "कुत्री भुंकली की धावत येऊन पडण्याएवढा मी चपळ राहिलेलो नाही. गोधड्या दे, एक भाजलेली वीट दे आणि गरम दारू दे. गाडीवानाने उघड्यावर कमी रात्री काढल्यात का?"

तिने दोन गोधड्या आणल्या, वीट आणली, ज्वारीची दारू तापवून आणली. तो कपातून सावकाश प्यायला. गोधडीत गुरफटलेला म्हातारा फार छोटा दिसत होता.

"इतके दिवस झालेला मुडदा," तो आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला. "हात लावून बघतीलच."

"हात कशाला लावतील, मामंजी?"

"नाही लावणार. जा तू. त्याला एकटा टाकू नकोस. उजाडलं की गोधड्या न्यायला ये."

ती गेली. घरात ओटा छान तापला होता. युंगछांग झोपेत बडबडत होता. पायांना शेक देता देता तिचाही डोळा लागला. या झोपेबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

कुत्री भुंकली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. गुईछिन धडपडत बाहेर आली. फाटकापाशी काकू ओरडत होत्या, "पलटणीतले आलेत गं! वेशीत आलेत!" तिने युंगछांगच्या अंगावर पांढरा सुती अंगरखा चढवला, कमरेला सुतळी बांधली आणि त्याला हाताला धरून गाडीखान्यात आणलं.

म्हातारा फळीवर सरळ पडला होता. हात दोन्ही बाजूंना, चेहऱ्यावर कागद. गोधड्या व्यवस्थित घड्या घालून गाडीच्या चाकाशी ठेवल्या होत्या, आणि घड्यांवर रात्रीचं भुरभुरलेलं बर्फ साचलं होतं. कुत्री ऐकून त्याने आत्ताच काढल्या असतील, असं गुईछिनने स्वतःला सांगितलं. ती कागदाकडे बघत राहिली. कागद हलत नव्हता. किती छान धरलाय श्वास, तिच्या मनात आलं. ती वाट बघत राहिली. तिने स्वतः दोन-तीन श्वास घेतले, तरी कागद हलला नाही. मग तिची नजर पुन्हा घड्यांवरच्या बर्फाकडे गेली आणि तिला सगळं कळलं.

ती युंगछांगशेजारी गुडघे टेकून बसली.

युंगछांग जमिनीवर डोकं टेकून बसला होता. तो तिच्या कानाशी हळूच म्हणाला, "बघितलंस? कागदसुद्धा हलत नाही. बाबा म्हणजे बाबा."

हवालदार शाओ दोन शिपायांबरोबर अंगणात आले. तरुणच होते, दक्षिणेकडचे. थंडीने सोललेल्या कानांना फडकी बांधली होती. त्यांनी आधी टोपी काढली, उदबत्ती लावली, तीनदा वाकून नमस्कार केला. मग ते फळीजवळ गेले, आणि निळ्या बाहीतून बाहेर आलेल्या हाताला त्यांनी हात लावला. क्षणभर धरून ठेवला. बाही नीट केली. कागदाचं टोक उचलून चेहरा पाहिला आणि पुन्हा झाकला.

"किती दिवस झाले, वहिनी?"

"पहिलं बर्फ पडलं तेव्हा," गुईछिन म्हणाली.

"मला वाटलं होतं की हा खोटं बोलतोय," हवालदार म्हणाले. "खरं सांगतो, मनात आलं होतं. हल्ली पांढऱ्या पाकिटांचा सुळसुळाट झालाय." ते युंगछांगकडे वळले. "ऊठ. रजा नसताना आलास, त्याची शिक्षा मिळेल. बंदूक काढून घेतील, ओझी वाहशील. पण बापासाठी आलास. तसं मी वर सांगेन, तुझ्या केसाला धक्का लागणार नाही. मडकं फोड, मग निघू."

युंगछांगने डोकं जमिनीवर आपटून आभार मानले. आनंदाने त्याचे खांदे हलत होते. गुईछिनने त्या हलणाऱ्या खांद्यांकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती तर सगळं संपलं असतं. तो किंचाळला असता, बापाला हलवायला धावला असता, काल बाप जिवंत होता हे सगळ्यांना कळलं असतं. आणि म्हाताऱ्याची एवढी लांब थंड रात्र फुकट गेली असती. ती बोलली नाही. त्याऐवजी ती जी रडली, तसं कोणतीही सून सासऱ्यासाठी रडली नाही असं काकू पुढे कित्येक वर्षं सांगत असत.

शिपायांनीच म्हाताऱ्याला उचलून पेटीत ठेवलं. एक फळी उचलावी तसा तो उचलला गेला. युंगछांग पुढे जायला निघाला, तेव्हा काकूंनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "जवळ जाऊ नकोस रे, डोळ्यातलं पाणी त्यांच्या अंगावर पडता कामा नये. ते जड होतं त्यांना." मास्तरांनी झाकणाला एकच खिळा ठोकला, सैलसर. खिळा ठोकून त्यांनी गुईछिनकडे पाहिलं. तिने नकाराची मान हलवली, आणि त्यांनी हातोडी खाली ठेवून तोंड फिरवलं. त्यांनाही कळलं. आता दोघं झाले.

ज्या मडक्यात कागद जाळले होते ते युंगछांगने दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि दगडावर आपटलं. ते एका दणक्यात फुटलं. एका दणक्यात फुटणं चांगलं, असं सगळे म्हणाले. हवालदारांनी स्वतः खांदा दिला. गोठलेल्या शेतातून पेटी खोपट्यापर्यंत गेली. शिपायांनी विटा रचायला मदत केली आणि वारा शिरू नये म्हणून सगळ्या फटी बर्फाने लिंपून घेतल्या. चांगली पोरं होती.

निघताना हवालदार जरा बाजूला झाले. नवरा-बायकोला दोन शब्द बोलू द्यावेत एवढं त्यांना कळत होतं. गुईछिनने युंगछांगच्या गळ्याभोवती आपली ओढणी गुंडाळली. त्याचे डोळे तापाने चमकत होते.

"आम्ही वळणापलीकडे गेलो की लगेच काढ त्यांना," तो कुजबुजला. "त्या फटी लिंपल्यात, आत जीव गुदमरेल. आणि ओट्यावर झोपव, दारू दे. अंग आखडलं असेल म्हाताऱ्याचं."

"हो."

"बाहेर आल्या आल्या माझ्या नावाने शिव्या घालतील. त्या सगळ्या मास्तरांकडून पत्रात लिहून घे. एकही गाळू नकोस. नवीन कारकून वाचून दाखवेल मला."

"लिहून घेईन," गुईछिन म्हणाली.

"आणि त्यांना सांग, असं मरणं मी अजून पाहिलं नाही."

"सांगते."

तो शिपायांच्या मध्ये चालायला लागला. बापाचा कागदाखालचा चेहरा आठवून त्याला हसू यायला लागलं, आणि ते दिसू नये म्हणून त्याने मान खाली घातली. त्याचे खांदे गदगदा हलत होते. बाजूच्या शिपायाला वाटलं रडतोय, म्हणून त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो वळणापर्यंत तसाच राहू दिला.